विहिरीतला पाव आणि घरातला पाव

पाव हा आपल्या घरांत इतका रोजचा झाला आहे की त्याला काही इतिहास असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. नवघरात सकाळी सायकलवरून पाववाला येतो, वरच्या मजल्यावरून दोरीला बांधलेली पिशवी खाली सुटते, लादी घरात जाते, चहा होतो आणि विषय संपतो. परंतु या साध्या व्यवहारात एक विसंगती दडलेली आहे. नवघर, भाईंदर, मीरा रोड या भागात पाव न खाणारे घर सापडणे कठीण आणि पाव भाजणारे घर सापडणे त्याहून कठीण. भाकरी घरची, चपाती घरची, पाव मात्र बाहेरचा. असे का झाले? आणि हा बाहेरचा पाव बहुतेक घरांचा उंबरठा ओलांडून आत यावयास इतकी शतके का लागली? या दोन प्रश्नांचा मागोवा येथे घ्यावयाचा आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर धान्यात आणि सरपणात आहे. आपला कोकणपट्टा भाताचा, घाटावरचा मुलूख ज्वारी-बाजरीचा. तांदूळ, ज्वारी, बाजरी, नाचणी या धान्यांत ग्लूटेन नावाचे चिवट प्रथिन नसते. गव्हाच्या कणकेत ते असते, म्हणून ती ताणता येते आणि आंबवली असता आतला वायू धरून ठेवून फुगते. तांदळाचे पीठ तसे वागत नाही. म्हणूनच आपल्या आयाबाया आधणाच्या पाण्यात उकड काढतात, ती मळतात आणि हातावर किंवा परातीत थापतात. या कृतीला भट्टी लागत नाही. तीन दगडांची चूल आणि एक तवा पुरतो. उलट पावाच्या भट्टीला आधी तासन्‌तास लाकूड जाळून तिच्या भिंती तापवाव्या लागतात. चार माणसांच्या पोटासाठी एवढे सरपण कोण जाळणार? म्हणून पाव जगात बहुतेक ठिकाणी सामाईक भट्टीचा किंवा धंदेवाईकाचा पदार्थ राहिला. युरोपातील खेड्यांतही पुष्कळ ठिकाणी बाया घरी कणीक मळून गावच्या भट्टीवर भाजून आणीत. घरोघरी पाव न भाजण्यात आपले काही उणे होते असे मुळीच नाही.

मात्र आंबवलेली रोटी हिंदुस्थानाला अपरिचित नव्हती. तंदूर, नान, खमीर हे शब्द फारसी-अरबीतून आले आणि त्यांच्याबरोबर ते पदार्थही आले. आपल्या महाराष्ट्रात औरंगाबादचा नान-कलिया प्रसिद्ध आहे. महंमद तुघलकाने १३२७ च्या सुमारास राजधानी देवगिरीस, म्हणजे दौलताबादेस हलविली, त्या लष्कराच्या मुदपाकखान्याशी या पदार्थाचे नाते तेथील लोक जोडतात. कालच्या कणकेचा गोळा राखून आज नव्या कणकेत घालावयाचा, ही खमिराची रीत नानबाई पिढ्यान्‌पिढ्या चालवीत आले. पण नान तंदुराच्या भिंतीला चिकटून भाजतो आणि पाव बंद भट्टीत फुगतो. आपल्या किनाऱ्यावरचा पाव नानाचा मुलगा नव्हे. तो समुद्रावरून आला.

त्याचे नावच ते सांगते. पोर्तुगीज भाषेत या पदार्थाला जो शब्द आहे त्याचा उच्चार अनुनासिक 'पांव' असा काहीसा होतो. आपण तो 'पाव' केला. चार तुकडे जोडलेले असतात म्हणून पाव, किंवा पायांनी मळतात म्हणून पाव, या दोन्ही व्युत्पत्त्या ऐकावयास गमतीच्या असल्या तरी खऱ्या नाहीत. गोव्यात पाव करणाऱ्याला पोदेर म्हणतात, तोही पोर्तुगीज 'पादेइरु'चाच अवतार. एक भाकरी, पण तिच्या भावंडांची नावे पाहा : पाव पोर्तुगीज, नान फारसी, खमीर अरबी, ब्रेड इंग्रजी. मराठीने सगळ्यांना ठेवून घेतले. भाषेने जेवढ्या सहजपणे घेतले तेवढ्या सहजपणे माणसांनी घेतले नाही, हे पुढे दिसेल.

गुजरातचा सुलतान बहादुरशहा याने डिसेंबर १५३४ मध्ये तहाने वसई आणि तिच्या ताब्यातील मुलूख पोर्तुगीजांना दिला. (१८०२ चा पेशवे-इंग्रज यांचा वसईचा तह निराळा, विद्यार्थ्यांनी गल्लत करू नये.) आपले नवघर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाशी आहे आणि खाडीपलीकडे वसईचा किल्ला. म्हणजे तेव्हापासून १७३७ साली मराठ्यांनी साष्टी घेईपर्यंत, दोनशे वर्षे, हा टापू पोर्तुगीज अमलाखाली होता. किल्ल्यातील शिपाई, पाद्री आणि अंमलदार यांना भात खाऊन समाधान नव्हते. त्यांच्या उपासनेतही गव्हाच्या भाकरीला स्थान होते. गहू येथे पिकत नव्हता, तो बाहेरून आणावा लागे. आणि त्यांच्या देशातले खमीर या उष्ण हवेत कसे टिकावे? त्यावर तोड निघाली ती माडावर आणि ताडावर. ताजी ताडी काही तासांत फसफसू लागते, कारण हवेतील आणि मडक्यातील यीस्ट तिच्यातील साखर खाऊन वायू सोडते. तीच ताडी कणकेत घातली की कणीक फुगते. गोव्याच्या पोदेरांनी ही सुरेची रीत कित्येक पिढ्या चालविली.

आता यात आपल्या गावाचा वाटा पाहा. शंभर भाग मैद्याला साधारण दोन भाग मीठ लागते. मीठ नसेल तर पाव बेचव तर होतोच, शिवाय कणीक बेताल फुगून ढिली पडते. भाईंदर-नवघरची मिठागरे कोणाला ठाऊक नाहीत? गोराई-उत्तनकडची माडाताडाची झाडी आजही पुरती गेलेली नाही. गहू परका, भट्टी परकी, पण मीठ आणि ताडी या मातीतली. पाव पूर्णपणे परदेशी आहे असे म्हणणाऱ्याने एवढे ध्यानात घ्यावे.

या बाजूच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती घरांनी तर भट्टीशिवायच आंबवलेली रोटी साधली. मैद्यात नारळाचे दूध घालून, पूर्वी ताडीने आणि आता यीस्टने आंबवून, तिचे गोळे तेलात सोडतात. त्यांना फुगे किंवा फुगिया म्हणतात. मुंबई, साष्टी, वसई येथील या मूळच्या रहिवाशांनी १८८७ साली आपल्या संघटनेसाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतले. नाव इंग्रजी, घरातली बोली मराठी आणि ताटात फुगे. 'घरी केलेला पाव' असे या टापूत खऱ्या अर्थाने काही म्हणता येत असेल तर ते हेच.

आता दुसरा प्रश्न. वसई-साष्टीकडे आणि गोव्यात लहानपणी प्रत्येकाने एक गोष्ट ऐकलेली असते. फिरंग्यांनी रात्री गावच्या विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव नेहमीप्रमाणे ते पाणी प्याले, मग फिरंग्यांनी सांगितले की तुम्ही आमचा पाव प्यालात, आता तुम्ही आमचे झालात. आणि शेजारच्या गावांनीही त्यांना परत घेतले नाही. गावाचे नाव, विहिरीची जागा, साल हे सांगणाऱ्यागणिक बदलते. इतिहासाच्या दृष्टीने धर्मांतराची खरी कारणे निराळी होती. पाद्र्यांचे प्रचारकार्य होते, सरकारी हुकूम होते, पोरक्या मुलांविषयीचे कायदे होते, जमिनी आणि नोकऱ्या यांचे आमिष होते, गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते. एवढी यंत्रणा हाती असलेल्या सत्तेला पावाच्या तुकड्यावर विसंबण्याची गरज नव्हती.

तरी मला ही गोष्ट टाकाऊ वाटत नाही. ती फिरंग्यांविषयी जेवढे सांगते त्याहून अधिक आपल्याविषयी सांगते. ती खरी ठरावयास दोन पक्ष लागतात : एक विहिरीत पाव टाकणारा, दुसरा 'तुम्ही बाटलात' म्हणून दार लावणारा. पहिल्याचे काम एका रात्रीत संपते. दुसऱ्याचे काम पिढ्यान्‌पिढ्या चालते. पाण्यात विरघळलेला पीठ-मिठाचा तुकडा कोणाचाही धर्म बदलू शकत नाही; तो बदलला असे शेजाऱ्याने ठरविले की मात्र बदलतो. गोष्ट सांगताना आपण नेहमी पहिल्यावर रागावतो आणि दुसऱ्याला विसरतो.

पावाचा हा धाक एकोणिसाव्या शतकातही किती पक्का होता याचा पुरावा मात्र अस्सल आहे. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. व्याकरणकार दादोबा पांडुरंग हे तिच्या प्रवर्तकांपैकी, राम बाळकृष्ण जयकर अध्यक्ष. जातिभेद मोडणे हा हेतू आणि कारभार गुप्त. सभासद होऊ इच्छिणाऱ्याची परीक्षा काय असावी? त्याने ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावयाचा आणि मुसलमानाने आणून दिलेले पाणी प्यावयाचे. बस्स! लांबलचक प्रतिज्ञापत्रापेक्षा त्या सुधारकांनी एका तुकड्यावर अधिक विश्वास ठेवला, कारण तोंडाने जातिभेद नाकारणे सोपे आणि त्याच तोंडात तो पाव घालणे अवघड, हे ते जाणत होते. विहिरीच्या गोष्टीत जो पाव माणसाला समाजातून बाहेर काढतो, तोच येथे नव्या समाजात आत घेतो. परंतु सभासदांची यादी सुमारे १८६० साली बाहेर फुटली आणि सभा मोडली. पाव गुपचूप खाल्ला होता. उघड झाल्यावर त्यापायी घरची आणि जातीची माणसे तोडण्याची तयारी थोड्यांचीच होती. त्यांना भित्रे म्हणणे सोपे आहे. ज्या काळी वाळीत पडलेल्या घराला न्हावी मिळत नसे, भटजी मिळत नसे, मुलीला स्थळ मिळत नसे, त्या काळी त्यांनी निदान तो तुकडा तोंडात घातला, हे विसरू नये. याच सभेतील काही मंडळी पुढे १८६७ च्या प्रार्थना समाजात दिसतात.

तीस वर्षांनी पुण्यात तेच नाटक पुन्हा झाले, या वेळी बिस्किटांनिशी. ऑक्टोबर १८९० मध्ये पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने पुण्यातील चाळीसएक प्रतिष्ठित मंडळी जमली. न्या. रानडे होते, टिळक होते, तरुण गोखले होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी नुसता हात लावला. सारा बेत घडवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाईंचे पती, यांनी मग उपस्थितांची नावे 'पुणे वैभव' पत्रातून छापून आणली! ग्रामण्य उठले, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीचे काम चालले. टिळकांनी आपण काशीस प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ साली प्रायश्चित्त घेतले, त्याबद्दल सुधारकांनी त्यांना बोल लावला. उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्तिपदापर्यंत पुढे पोहोचलेला माणूसही एका पेल्यातल्या चहापुढे आणि एका बिस्किटापुढे मोकळा नव्हता. व्यापाऱ्यांनी यातून आपली वाट काढली ती वेगळीच. १८९८ साली दिल्लीत 'हिंदू बिस्किट कंपनी' निघाली. माल उच्चवर्णीयांच्याच हातचा, अशी तिची हमी असे. खावयाचे तर होते, फक्त हात आपला हवा होता.

मग हा धाक गेला कसा? माझ्या मते तो उपदेशाने फारसा गेला नाही. भुकेने आणि घाईने गेला. मुंबईत गिरण्या उभ्या राहिल्या, घाटावरचा आणि कोकणातला माणूस बायकामुले गावी ठेवून एकटा खोलीत राहू लागला. पहाटेच्या पाळीला जाणाऱ्याला भाकरी कोण थापून देणार? कोपऱ्यावर इराण्याचे हॉटेल होते. यज्द, केरमान या बाजूने आलेल्या या मंडळींनी बन-मस्का, ब्रून-पाव आणि चहा यांची सवय शहराला लावली. धोबीतलावाजवळचे कयानी १९०४ चे. भट्ट्यांवर गोव्याचे कारागीर होते आणि उत्तरेकडून आलेले मुसलमान कारागीर होते. रात्रभर भट्टीपाशी उभे राहून ज्यांनी मुंबईचा नाश्ता केला, त्यांची नावे कोणत्याही इतिहासात नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, मुंबईत रेशनिंग आले. स्वातंत्र्यानंतर १९५६ च्या करारान्वये अमेरिकेचा गहू येऊ लागला आणि भातखाऊ कोकणी घरांतही गहू रुळला. १९६५ मध्ये केंद्र सरकारने मॉडर्न बेकरीज काढली, तिचा कागदात गुंडाळलेला कापलेला ब्रेड मध्यमवर्गीय घरांत गेला. सरकारच पाव भाजते म्हटल्यावर बाटण्याचा प्रश्न उरला नसावा! (२००० साली ही कंपनी सरकारने विकली.) आणि १९६० च्या दशकात दादरच्या बाजूला बटाटावडा पावात शिरला, त्यानंतर तर पावाला मराठी म्हणून वेगळी ओळख द्यावी लागली नाही. परमहंस सभेची गुप्त परीक्षा आता लोकलच्या प्रत्येक स्थानकाबाहेर लाखो लोक रोज उत्तीर्ण होतात, आणि आपण परीक्षा दिली हेही त्यांना कळत नाही.

असे असले तरी जुना विहिरीतला पाव पुरता विरघळलेला नाही. अलीकडच्या वर्षांत मोबाईलवर फिरणारे संदेश वाचकांनीही पाहिले असतील : अमक्याच्या भट्टीचा पाव घेऊ नका, तमक्याच्या हातचे खाऊ नका, आणि सोबत कोणीतरी अन्नात काहीतरी घालीत असल्याचा, कोठला आणि कधीचा याचा पत्ता नसलेला व्हिडिओ. विद्यार्थ्यांना मी एवढेच करावयास सांगतो : गाव कोणते, साल कोणते, पाहणारा कोण, हे तीन प्रश्न विचारा. विहिरीच्या गोष्टीला आपण हेच प्रश्न विचारले होते. पावाविषयी शंका घ्यावयाचीच असेल तर खरी शंका घ्यावी. पीठ सुधारण्यासाठी वापरले जाणारे पोटॅशियम ब्रोमेट हे रसायन अपायकारक म्हणून २०१६ साली आपल्याकडे बंद झाले. ती तक्रार प्रयोगशाळेच्या तपासणीवर उभी होती, कोणाच्या नावावर किंवा पोशाखावर नाही.

आता थोडे घराकडे वळू. २०२० च्या टाळेबंदीत बेकऱ्यांची ये-जा अडली तेव्हा आपल्या इमारतींमधून अनेकांनी प्रथमच घरी पाव करून पाहिला. यीस्टची पाकिटे दुकानांतून नाहीशी झाली. ज्यांच्याकडे विजेची भट्टी नव्हती त्यांनी जाड बुडाच्या पातेल्यात किंवा शिट्टी काढलेल्या कुकरात जाडे मीठ पसरून, त्यावर ताटली ठेवून भाजला. ही युक्ती नवी नव्हे. खाली निखारे आणि झाकणावर निखारे ठेवून भाजण्याची रीत कोकणातील जुन्या घरांना, मुसलमान काय आणि ख्रिस्ती काय, चांगली ठाऊक होती. घरी करणाऱ्यांनी एक पथ्य पाळावे : घाई करू नये. कणीक दुप्पट होईपर्यंत थांबावे, उन्हाळ्यात तासाभरात होते, थंडीत दोन तासही लागतात. घड्याळाकडे पाहण्यापेक्षा कणकेकडे पाहावे. आणि भट्टीतून काढल्याबरोबर पाव कापू नये. आतली वाफ बसली नाही तर गर चिकट राहतो.

साठवणुकीविषयी बहुतेक घरांत एक गैरसमज आहे. पाव शिळा होतो म्हणजे तो सुकतो, असे आपण समजतो. खरे तर ओलावा आत असतानाही तो कडक होतो, कारण भाजताना मऊ झालेला स्टार्च थंड झाल्यावर पुन्हा स्फटिकासारखा घट्ट बांधला जातो. ही क्रिया गोठणबिंदूच्या थोडे वर, म्हणजे नेमकी फ्रीजच्या थंडीत, सर्वांत जलद होते. आमच्या वर्गात मुलांनी एकाच लादीचे तीन वाटे करून पाहिले : एक फडक्यात गुंडाळून डब्यात, एक फ्रीजमध्ये, एक बर्फाच्या कप्प्यात. दुसऱ्या दिवशी फ्रीजमधला सर्वांत चिवट आणि बर्फाच्या कप्प्यातला, तव्यावर गरम केल्यावर, जवळजवळ ताजा. तेव्हा दोन दिवसांत संपणार असेल तर डब्यात, नाहीतर सरळ बर्फाच्या कप्प्यात. पावसाळ्यात मात्र आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत डब्यातल्या पावालाही तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी धरते. हिरवा ठिपका तेवढा खरवडून बाकीचा खाऊ नये. बुरशीचे तंतू ठिपक्याच्या पलीकडे आत गेलेले असतात.

बुरशी नसलेला, नुसता शिळा पाव मात्र टाकावयाचा नसतो. तव्यावर पाण्याचा शिपका देऊन झाकण ठेवले की मऊ होतो, कारण उष्णतेने तोच स्टार्च पुन्हा सैल पडतो. उन्हात कडक करून कुटला की कबाब-कटलेटला चुरा होतो. आणि तुपात तळून दुधाच्या बासुंदीत सोडला की शाही तुकडा होतो. या पदार्थाला शिळा पावच हवा, ताजा विरघळून जातो. एरवी साध्या खिम्याच्या रश्श्यात बुडवून खाल्ला तरी तक्रार नाही, आणि पावसाच्या दिवसांत काळ्या चहात बुडवून खाल्ला तर त्याहून नाही.

भट्ट्यांचे मात्र दिवस बदलत आहेत. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शहरातील लाकूड-कोळशाच्या भट्ट्या सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर नेण्याचा आदेश दिला. हवेच्या दृष्टीने ते योग्यच आहे. छोट्या भट्टीवाल्याला गॅसच्या किंवा विजेच्या भट्टीचा खर्च पेलणे अवघड जाते, हेही खरे आहे. लाकडाच्या भट्टीतली विटांची ऊब रात्री उशिरापर्यंत राहते, आणि ब्रूनची ती जाड, कडकडीत साल त्या उबेवर धरते, असे जुने कारागीर सांगतात. ती साल ज्यांना खावयाची असेल त्यांनी सकाळी जरा लवकर उठावे.